चार महिन्यांचे बाळ, ब्रॉन्किओलायटिस आणि न लागणाऱ्या उपचारांची साखळी: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

बाळ चार महिन्यांचे, पूर्ण दिवसांचे जन्मलेले, वजन ६.२ किलो. आधी कोणताही आजार नाही, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास नाही. घरात मोठ्या बहिणीला आठवडाभर सर्दी होती. बाळाचे नाक दोन दिवस वाहत होते. तिसऱ्या दिवशी खोकला वाढला, श्वास जोरात चालू लागला आणि दूध कमी झाले. एरवी ते दिवसातून सात वेळा सुमारे १३० मिली दूध घेई, पण त्या दिवशी शेवटच्या तीन वेळा ५० ते ६० मिलीवरच तोंड फिरवले होते. संध्याकाळी सहाला आईवडील त्याला तातडीच्या विभागात घेऊन आले.

तपासणीत श्वासाचा वेग मिनिटाला ५६, बरगड्यांखाली छाती थोडी आत ओढली जात होती, दोन्ही बाजूंना चुरचुर आणि शिट्टीसारखा आवाज होता. ताप ३८.२ अंश सेल्सिअस, नाडी १५२, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९१ ते ९२ टक्के. बाळ सावध होते, आवाजाकडे बघत होते. डायपर सहा तासांपूर्वी ओला झाला होता.

निदान इथेच झालेले आहे. सर्दीने सुरुवात, दोन-तीन दिवसांनी धाप, दोन्ही फुप्फुसांत सारखे आवाज, वय दोन वर्षांच्या आत: हा ब्रॉन्किओलायटिस. तो ओळखायला पालकांकडून नीट ऐकलेली हकीकत, डोळे आणि स्टेथोस्कोप पुरतात. आजार विषाणूचा असतो, बहुतेक वेळा आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस) या विषाणूचा. श्वासनलिकांच्या सर्वांत बारीक शाखांचे अस्तर सुजते, पेशी झडतात, चिकट स्राव साचतो आणि आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते. दम्यासारखे स्नायूंचे आकुंचन हे इथले मुख्य कारण नसते. पुढे जे काही घडले ते समजून घेताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

दाखल करण्याचा निर्णय बरोबर होता. दूध निम्म्याच्याही खाली गेले होते आणि त्रास साधारणपणे तिसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान शिगेला पोहोचतो, म्हणजे वाईट तास अजून पुढे होते. प्रश्न दाखल केल्यानंतरच्या गोष्टींचा आहे.

पहिले पंधरा तास

शिट्टीसारखा आवाज ऐकून निवासी डॉक्टरांनी साल्ब्युटामॉलचे (दम्यात श्वासनलिकांचे स्नायू सैल करणारे औषध) नेब्युलायझेशन, म्हणजे वाफारा, दिले. केसपेपरवर नोंद झाली: ‘थोडे बरे वाटते’. त्यामुळे ते आणखी दोनदा दिले गेले. तिसऱ्या वेळेनंतर नाडी १८४ झाली, बाळ थरथरू लागले आणि सॅच्युरेशन काही मिनिटे ८९ वर आले. साल्ब्युटामॉलनंतर असे होऊ शकते. ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्याही ते सैल करते आणि ऑक्सिजन न घेताच रक्त पुढे जाते. विभागात मात्र त्याचा अर्थ ‘बाळ बिघडते आहे’ असा लावला गेला. ऑक्सिजन सुरू झाला, डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा एक डोस दिला गेला आणि एक्स-रे काढायला सांगितले गेले.

एक्स-रेमध्ये उजवीकडे वरच्या भागात धूसर डाग दिसला. अहवालात लिहिले होते, ‘न्यूमोनिया नाकारता येत नाही’. या एका ओळीवरून रक्त तपासायला गेले. सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्त तपासणी) २२ मिलिग्रॅम प्रति लिटर आले, ना फार ना थोडे. ॲम्पिसिलिन हे अँटिबायोटिक शिरेतून द्यायचे ठरले. त्यासाठीची कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) चौथ्या प्रयत्नात बसली. ब्लड कल्चर (रक्तात जिवाणू वाढतात का हे बघणारी तपासणी) आणि लघवीची तपासणी अँटिबायोटिकच्या आधी झाली नाही. दोन्ही त्या घाईत राहून गेले. नाकातील स्रावाची विषाणू चाचणी पाठवली गेली. तिचा निकाल दुसऱ्या दिवशी आला, आरएसव्ही आणि ऱ्हायनोव्हायरस. त्याने उपचारात कणभरही फरक पडला नाही.

श्वास जोरात चालतो, आणि कॅन्युलामुळे सलाइनची सोय आहे, म्हणून दूध बंद केले आणि सलाइन पूर्ण वेगाने, ताशी २६ मिली, चालू केले. बाळ भुकेने रडू लागले. रडण्याने श्वासाचा वेग ६८ वर गेला. रात्री एकला अतिदक्षता विभागाला कळवून ठेवले गेले. तीनच्या सुमारास झोपेत सॅच्युरेशन अर्धा मिनिट ८८ दाखवले, मॉनिटर वाजला, ऑक्सिजन अर्ध्या लिटरवरून एक लिटर केला गेला.

अडचण नेमकी काय होती

कोणीही निष्काळजीपणे वागले नव्हते. रात्रीच्या नोंदी वाचल्या की उलटेच दिसते: प्रत्येकाने समोर दिसलेल्या आकड्याला किंवा चित्राला उत्तर दिले. नेब्युलायझेशनने नाडी वाढवली आणि सॅच्युरेशन उतरवले, त्यातून एक्स-रे आला, एक्स-रेतून रक्त तपासणी, तिच्यातून अँटिबायोटिक, अँटिबायोटिकसाठी सुया, सुईसोबत सलाइन, सलाइन आहे म्हणून दूध बंद, आणि उपाशी बाळाचे रडणे म्हणजे बिघाड. कडी कडीला जोडली जात गेली. पहिली कडी घातली नसती तर बाकीच्यांतील बहुतेक आल्याच नसत्या.

या साखळीबद्दल चांगला पुरावा उपलब्ध आहे. कॅनडातील एका अभ्यासात (२००७) साध्या ब्रॉन्किओलायटिसच्या २६५ बाळांचे एक्स-रे काढले गेले. चित्र बघण्याआधी डॉक्टर २.६ टक्के बाळांना अँटिबायोटिक देणार होते, बघितल्यावर १४.७ टक्क्यांना. स्रावाचा बोळा बसून फुप्फुसाचा छोटा भाग मिटतो आणि तो न्यूमोनियासारखा दिसतो. उजवीकडचा वरचा भाग यासाठी कुख्यात आहे.

डेक्सामेथासोनबाबत २००७ मध्येच अमेरिकेतील २० तातडीच्या विभागांत ६०० बाळांवर चाचणी झाली. औषध दिलेल्यांपैकी ३९.७ टक्के आणि न दिलेल्यांपैकी ४१.० टक्के बाळे दाखल करावी लागली, म्हणजे फरक नाहीच. साल्ब्युटामॉलने काही बाळांत तपासणीचे गुण थोडा वेळ सुधारतात, पण सॅच्युरेशन, दाखल होण्याची गरज किंवा रुग्णालयातील मुक्काम यांपैकी काहीही बदलत नाही. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच साल्ब्युटामॉल आणि स्टिरॉइड देऊ नका, एक्स-रे आणि विषाणू चाचणी सरसकट करू नका, आणि जिवाणू संसर्गाची ठोस शंका असल्याशिवाय अँटिबायोटिक देऊ नका, असे सांगतात.

आकड्याची ताकद किती असते याचा सर्वांत बोलका पुरावा २०१४ चा आहे. ऑक्सिमीटर मुद्दाम ३ अंकांनी जास्त दाखवेल असा केला आणि २१३ बाळांपैकी निम्म्यांना तो लावला. खरा आकडा दिसणाऱ्या गटात ७२ तासांच्या आत ४१ टक्के बाळांना रुग्णालयात ठेवले गेले, फुगवलेला आकडा दिसणाऱ्या गटात २५ टक्के. दोन्ही गटांतली बाळे सारखीच आजारी होती.

सकाळच्या राउंडला समोर आलेले पर्याय

सकाळी नऊला वरिष्ठ डॉक्टरांनी बाळाला झोपेत पाहिले. नाक साफ करून श्वास पूर्ण ६० सेकंद मोजला: ५०. ताप रात्रीपासून नव्हता. जागे झाल्यावर बाळ हसले. एक्स-रे रेडिओलॉजिस्टबरोबर पुन्हा पाहिला. डाग होता, पण त्या भागाचे आकारमान कमी झाले होते आणि खालची फट (फुप्फुसाच्या दोन भागांमधली रेषा) वर ओढली गेली होती. म्हणजे मिटलेला भाग. न्यूमोनियात भाग भरतो, असा आक्रसत नाही.

तीन पर्याय होते.

पहिला, सुरू केले आहे तर ४८ तास सगळे चालू ठेवावे. याचे आकर्षण मोठे असते. काही चुकले तर ‘उपचार चालू होते’ असे म्हणता येते. पण कल्चर घेतलेच नव्हते, तेव्हा ४८ तासांनी कोणता निकाल हाती येऊन अँटिबायोटिक थांबवणार होते? थांबवण्याचा मुद्दाच न ठरवता चालू ठेवलेले अँटिबायोटिक बहुधा पाच किंवा सात दिवसांपर्यंत जाते.

दुसरा, सगळे एकदम काढावे. वैद्यकीयदृष्ट्या त्यात फारसे चूक नव्हते. पण आदल्या रात्री ज्या आईवडिलांना ‘अतिदक्षता विभाग तयार आहे’ असे सांगितले गेले, त्यांना सकाळी ‘काहीच लागत नाही’ असे सांगणे म्हणजे त्यांचा विश्वास गमावणे.

तिसरा, एकेक गोष्ट काढावी आणि प्रत्येकासाठी ‘कशामुळे परत सुरू करू’ हे आधी लिहावे. हा निवडला गेला.

सर्वांत जास्त चर्चा लघवीवर झाली. चार महिन्यांच्या बाळाला ताप येऊन गेला होता आणि ॲम्पिसिलिनचे दोन डोस झाले होते. ब्रॉन्किओलायटिससोबत मूत्रमार्गाचा संसर्ग असण्याची शक्यता कमी असते, पण शून्य नसते, आणि अँटिबायोटिकनंतर घेतलेले कल्चर खोटा दिलासा देऊ शकते. कॅथेटर घालून नमुना घेणे टाळले. सुटलेल्या लघवीचा स्वच्छ नमुना धरून त्यात पांढऱ्या पेशी आहेत का एवढे बघितले. नव्हत्या. ही तपासणीही अनावश्यक होती असे काहींचे मत पडले. अँटिबायोटिक निर्धास्तपणे थांबवण्यासाठी ती उपयोगी पडली, एवढे तिच्या बाजूने म्हणता येते.

काय केले

अँटिबायोटिक थांबवले. परत सुरू करण्याची अट: ३९ अंशांवर ताप, किंवा एकाच जागी टिकून राहणारी चुरचुर, किंवा बाळ निस्तेज दिसणे.

साल्ब्युटामॉल आणि स्टिरॉइड थांबवले. यासाठी परत सुरू करण्याची अट लिहिली नाही, कारण या बाळात तशी कोणती स्थिती येणार नव्हती.

दूध सुरू केले. दर दोन तासांनी, आधी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे दोन थेंब, मग नाकाच्या पुढच्या भागापुरते हलके सक्शन, मग ५० ते ६० मिली. हे दिवसभराचे साधारण ६६० मिली होते, नेहमीच्या सुमारे ७० टक्के. चार महिन्यांचे बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. नाक चोंदलेले असताना ते चोखू लागले की श्वास अडतो आणि मग दूध सोडते. दूध देण्याआधीची ही दोन मिनिटे या आजारातील खरे उपचार आहेत असे म्हटले तरी चालेल. घशापर्यंत नळी घालून खोलवर सक्शन करू नये. त्याने सूज वाढते, आणि ज्या बाळांत ते केले जाते त्यांचा मुक्काम लांबलेला आढळला आहे.

दुपारी बारा वाजता कॅन्युलाची जागा सुजली. हा छोटा पण महत्त्वाचा टप्पा होता, कारण सवयीने हात नवीन सुईकडे जातो. नवीन कॅन्युला घातली नाही. बाळाने लागोपाठ दोनदा निम्म्याहून कमी दूध घेतले तर नाकातून पोटात नळी घालून दूध द्यायचे, असे ठरले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ७५९ बाळांवर झालेल्या चाचणीत (२०१३) नळी पहिल्या प्रयत्नात ८५ टक्के वेळा बसली, शिरेतील सुई ५६ टक्के वेळा, आणि मुक्काम जवळपास सारखाच राहिला. या बाळाला नळी लागली नाही.

ऑक्सिजनची मर्यादा ९० टक्के ठरवली. ब्रिटनमधील ६१५ बाळांच्या चाचणीत (२०१५) ९० आणि ९४ या दोन मर्यादांची तुलना झाली. खोकला जायला दोन्ही गटांत सारखाच वेळ लागला आणि ९० च्या गटातील बाळे सुमारे १० तास लवकर घरी गेली. सहा आठवड्यांपेक्षा लहान किंवा इतर आजार असलेल्या बाळांसाठी ब्रिटनच्या नाइस (उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणारी राष्ट्रीय संस्था) या संस्थेच्या सूचना ही मर्यादा ९२ ठेवतात, इथे तो प्रश्न नव्हता. दुपारी दोनला ऑक्सिजन बंद झाला, सॅच्युरेशन ९१ ते ९३ राहिले. सततचा मॉनिटर काढून दर चार तासांनी मोजायचे ठरले.

रात्री काय बिघडले

मॉनिटर काढण्याचा निर्णय योग्य होता, पण तो अर्धवट अमलात आला. आईला कोणी कारण सांगितले नव्हते. तिच्या दृष्टीने आदल्या रात्री ज्या यंत्राने धोका ओळखला तेच आता काढून नेले होते. रात्रपाळीच्या परिचारिकेला पाळी बदलताना ‘ऑक्सिजन बंद’ एवढेच कळले, मॉनिटर का नाही हे कळले नाही. आईने दोनदा विचारल्यावर तिने तो परत लावला, आणि उपलब्ध माहितीवर ते समजण्यासारखे होते. पहाटे दोनला गाढ झोपेत आकडा ८७ झाला, २० सेकंदांत परत ९१ वर आला. तोवर ऑक्सिजन सुरू झाला होता. तो सकाळी नऊपर्यंत चालला.

निरोगी बाळांतही झोपेत सॅच्युरेशन क्षणभर उतरते. सतत बघत राहिले की ते दिसते, आणि दिसले की काहीतरी करावेसे वाटते. क्षणिक घसरण आणि टिकून राहिलेली घसरण यांतला फरक मॉनिटरचा अलार्म करत नाही, तो माणसाने करायचा असतो. नाक साफ करा, बाळाची मान सरळ करा, प्रोब नीट बसवा, मग बघा. त्यानंतरही ९० च्या खालीच राहत असेल तर ऑक्सिजन द्या.

निष्पत्ती

तिसऱ्या दिवशी सकाळी आईवडिलांशी वीस मिनिटे बोलणे झाले. आजाराचा क्रम, आकडे का हलतात, खोकला किती दिवस राहील, हे सगळे सांगितले. ऑक्सिजन काढला. बाळाने दुपारपर्यंत नेहमीच्या तीन चतुर्थांश दूध घेतले, दीड तास झोपले, झोपेत ९० ते ९३ राहिले. ऑक्सिजनविना चार तासांहून जास्त वेळ आणि त्यात एक झोप, हा निकष पूर्ण झाल्यावर दुपारी चारला घरी सोडले. एकूण मुक्काम सुमारे ४६ तास.

चार दिवसांनी फोनवर विचारपूस झाली. दूध पूर्ववत होते, खोकला होता. दोन दिवस पातळ शी झाली होती आणि त्वचेवर लाल चट्टे उठले होते, बहुधा ॲम्पिसिलिनमुळे. खोकला आजाराच्या सतराव्या दिवशी थांबला, तो या आजारात अपेक्षित तीन आठवड्यांच्या आत. मिटलेला भाग उघडला का हे बघायला पुन्हा एक्स-रे काढला नाही.

फोनवर आईने विचारले, घरी नेब्युलायझर घेऊन ठेवावा का? रुग्णालयात तीनदा दिले म्हणजे ते महत्त्वाचे असणार, हा तिचा तर्क सरळ होता. अनावश्यक उपचाराची ही बाजू हिशेबात येत नाही. तो एका रात्रीपुरता राहत नाही, घराला शिकवण देऊन जातो.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या तासात नाक साफ करून, बाळ शांत करून, श्वास पूर्ण मिनिटभर मोजला असता तर बाळ मध्यम आजारी आहे एवढेच दिसले असते. शिट्टीच्या आवाजाला औषध हवेच, ही दम्याच्या वॉर्डातून आलेली सवय आहे. ‘एकदा देऊन बघू’ हा मार्ग निरुपद्रवी वाटतो, पण बाळाचा आवाज खोकल्याने, रडण्याने, स्राव सरकल्याने दर काही मिनिटांनी बदलतो. बरे झाले की औषधाने झाले असे वाटते, नाही झाले की आणखी एक दिले जाते.

एक्स-रेला जागा आहे: अतिदक्षता विभागात न्यावे लागेल इतका त्रास, अचानक बिघाड, ३९ अंशांवर ताप आणि एकाच जागी चुरचुर, हृदयाचा वेगळा आवाज किंवा वाढलेले यकृत. यांतले काही नव्हते.

अँटिबायोटिक द्यायचेच होते तर आधी कल्चर आणि लघवी घ्यायला हवी होती. कमी करण्याच्या उत्साहात हेही विसरू नये. दोन महिन्यांखालच्या तापाच्या बाळाची तपासणी वेगळ्या नियमांनी होते, आणि वेळेआधी जन्मलेले, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले बाळ या लेखातील सवलतींत बसत नाही. अगदी लहान बाळांत श्वास थांबण्याची भीती असते, तिथे सतत मॉनिटर हवाच.

दुसऱ्या रात्रीच्या ऑक्सिजनने बहुधा आठेक तास वाढवले. चार सुया, उपाशी गेलेली पहिली रात्र आणि पातळ शी यांच्यापुढे ते कमीच, पण टाळता येण्यासारखे.

वॉर्डात पुढे काय बदलले

दाखल करण्याच्या छापील फॉर्ममधून एक्स-रे आणि साल्ब्युटामॉलचे चौकोन काढले. हवे असेल तर हाताने लिहायचे आणि पुढे एका ओळीत कारण. बंदी घातली नाही, कारण बंदीला पळवाटा सापडतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी उशीर होतो. तातडीच्या विभागात, वॉर्डात, डॉक्टरांमधून आणि परिचारिकांमधून प्रत्येकी एक व्यक्ती या कामासाठी नेमली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील २६ रुग्णालयांच्या अभ्यासात (२०२१) अशाच मार्गाने, म्हणजे नेमलेले सहकारी, छोटी प्रशिक्षणे आणि स्वतःच्या आकड्यांचा आरसा, पहिल्या २४ तासांत पाचही अनावश्यक गोष्टी (एक्स-रे, साल्ब्युटामॉल, स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि ॲड्रेनलिन) टाळण्याचे प्रमाण ८५.१ टक्के झाले, तर नुसत्या मार्गदर्शक सूचना मिळालेल्या रुग्णालयांत ते ७३.० टक्के राहिले.

दर महिन्याला एक्स-रे, साल्ब्युटामॉल, स्टिरॉइड, अँटिबायोटिक मोजले जातात. सोबत ७२ तासांत परत आलेली बाळे, अतिदक्षता विभागात गेलेली बाळे आणि सुटलेले जिवाणू संसर्गही मोजले जातात. हा दुसरा भाग नसेल तर पहिल्यावर कोणी विश्वास ठेवू नये.

पाळी बदलताना आता ‘काय चालू’ याच्यासोबत ‘काय थांबवले आणि का’ हे वाचले जाते. मॉनिटर काढला की पलंगाला एक कार्ड लागते, आणि ते आईवडिलांना वाचून दाखवूनच लावले जाते: ‘बाळ दूध घेत आहे, ऑक्सिजन लागत नाही, म्हणून मॉनिटर काढला आहे. दर चार तासांनी मोजू. छाती जास्त आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर झाले, श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटला किंवा बाळ दूध ओढेनासे झाले तर लगेच हाक मारा.’